नाताळच्या रात्रीचा बँड



नाताळच्या रात्री मैदानात आपला बँड बेसूर वाजतो, अशी तक्रार काही सज्जनांनी मजकडे केली. त्याऐवजी ध्वनिमुद्रित गीते लावावीत, अशीही सूचना आली. ती मला मान्य नाही.

पितळी वाद्याचा सूर त्यातील हवेच्या उष्णतेवर अवलंबून असतो. हवा एक अंशाने निवली की तीतील ध्वनीची गती सेकंदास सुमारे ०.६ मीटरने घटते व सूर उतरतो. वादकाच्या श्वासाने वाद्य तापते, सूर चढतो; परंतु भाषणे लांबली (धर्मगुरूंचीही लांबतात!) की ते पुन्हा थंड पडते. विजेच्या ऑर्गनचा सूर मात्र जागचा हलत नाही. मग दोहोंचा मेळ कसा बसावा? त्यात पारसिकच्या डोंगराकडील वाऱ्याने बोटेही आखडतात.

दिवसभर नोकरी करून रात्री तालमीस येणारी ही आपलीच मुले होत. ती गेली, तर यंत्र काही आपल्या मिरवणुकीपुढे चालणार नाही.

तेव्हा यंदा मिस्सेपूर्वी वादकांना सभागृहात बसवावे, गरम चहा द्यावा (मागाहून त्यांनी चूळ भरावी, वाद्यात साखर जाऊ नये), तेथेच वाद्ये फुंकून ऊबदार करू द्यावीत, आणि बाहेर येताच वाजवू द्यावे. माझे भाषण त्यानंतर होईल.