ताटावर पहारा नको, सोबत हवी



विषय ऐकून काहींना हसू आलं, ते मला इथून दिसलं. खाण्याचं कसलं व्यसन? आपल्याकडे दावतीत दुसऱ्यांदा बिर्याणी घेतली नाही तर खालाच रागावते! पण दावतीत दोन घास जास्त खाणं आणि भूक नसताना, थांबायचं ठरवूनही थांबता न येणं, रात्री लपून खाणं, मग स्वतःचीच किळस येणं, यांत फार फरक आहे. ‘खाण्याचं व्यसन’ हे अजून अधिकृत निदान नाही. पण ताबा सुटून भरमसाट खाण्याच्या विकाराला, म्हणजे बिंज ईटिंगला, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 साली स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी असं होत असेल, तर तो आळस किंवा हावरटपणा समजू नका.

मी डॉक्टर नाही. माझंही खाणं बरीच वर्षं माझ्या हातात नव्हतं. आज मी अशाच काही मुलींना सोबत करते. त्या अनुभवातून एकच गोष्ट सांगायची आहे: सोबत टिकवायची असेल तर तिला हद्द हवी.

दारू सोडणारा माणूस दारूच्या वाटेला जाणं टाळू शकतो. अन्न कसं टाळणार? दिवसातून तीनदा ताट समोर येतंच. त्यामुळे मदत करणारा नकळत त्या ताटावर पहारा देऊ लागतो. एक मैत्रीण मला रात्री अकराला ताटाचा फोटो पाठवायची: “खाऊ का?” मी ‘हो’ म्हटलं तर जबाबदारी माझी, ‘नको’ म्हटलं तर उद्या ती माझ्यापासून लपवणार. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी तिला सांगितलं, “मी तुझं ताट तपासणार नाही. तुला आत्ता कसं वाटतंय, ते सांग.” ती आधी नाराज झाली. नंतर फोटो थांबले आणि बोलणं सुरू झालं. त्या रात्रींना भूक नसायची, घरात तिच्या वजनावरून झालेली चेष्टा असायची.

दुसरी हद्द वेळेची. “रोज संध्याकाळी सात ते साडेसात मी तुझी. त्यानंतर फोन उचलला नाही तर रागावले असं समजू नकोस.” हे बोलायला जड जातं. पण न बोलता आपण महिनाभर जागतो, मग चिडतो आणि एक दिवस फोन उचलणंच बंद करतो. लाजेनं आधीच खचलेल्या माणसाला तो धक्का फार मोठा असतो.

तिसरी हद्द ज्ञानाची. 1960 साली लॉस एंजेलिसमध्ये तीन स्त्रियांनी ‘ओव्हरईटर्स अॅनॉनिमस’ सुरू केलं. तिथे अनुभवी सदस्य नव्या सदस्याला सोबत करतो. तरीही ही संघटना कोणतीही एक आहारयोजना सुचवत नाही, त्यासाठी तज्ज्ञाकडे जायला सांगते. आपणही डाएट चार्ट वाटू नयेत. विशेषतः समोरच्याला मधुमेह असेल तर मुळीच नाही.

रमजानमध्ये हा प्रश्न आणखी अवघड होतो. दिवसभर रोजा आणि इफ्तारला ताबा सुटणं, असं काहींचं चक्र सुरू होतं. आजारी माणसाला रोजात सवलत आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ‘रोजा ठेव’ किंवा ‘सोड’ हा निकाल आपण देऊ नये. तिनं डॉक्टरांशी बोलावं, हवं तर जाणत्या आलिमांशी बोलावं. आपण मुफ्तीही नाही, हकीमही नाही.

चौथी हद्द गुपिताची. कुणाचं खाणं घरात, मोहल्ल्यात चर्चेला जाता कामा नये. पण मुद्दाम उलट्या काढणं, जुलाबाची औषधं घेणं, इन्शुलिन चुकवणं, चक्कर येऊन पडणं किंवा जगावंसं न वाटणं, यांतलं काही कानावर आलं तर गुपित पाळायचं नाही. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा: “जिवाचा प्रश्न आला तर मी तुझ्या अम्मीला किंवा डॉक्टरांना सांगेन.” सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. जिवाला लगेच धोका असेल तर हेल्पलाइनवर थांबू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि स्वतःकडेही पाहा. दुसऱ्याचं ऐकून तुमचंच खाणं बिघडू लागलं तर थोडं थांबा, जबाबदारी दुसऱ्या साथीदाराकडे द्या. एका माणसामागे दोन-तीन साथीदार असावेत, ते यासाठीच.

आता जोड्या करून बसा. प्रत्येकानं कागदावर तीन गोष्टी लिहा: मी कोणत्या वेळी उपलब्ध आहे, कोणत्या गोष्टीवर सल्ला देणार नाही आणि गरज पडली तर कुणाला बोलावणार. मग त्या समोरच्याला मोठ्यानं वाचून दाखवा. इथे आपल्याच माणसासमोर जीभ अडखळली तर हरकत नाही, त्यासाठीच हा सराव आहे.