लहान मुलांचा अस्थिवैद्य : शिक्षण आणि व्यवसाय
(मंडळाच्या मुखेड येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार झाला म्हणजे पाहुण्याने त्यांना उपदेश करावा, असा आपल्याकडे प्रघात आहे. तो अधिकार मजकडे नाही. माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची सूचना आहे. समोर वैद्यकाकडे जाऊ इच्छिणारी मुले बसली आहेत, त्यांच्यासाठी ती मी आनंदाने पाळतो.

मी लहान मुलांच्या हाडांवर उपचार करतो. ही शाखा निराळी आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसते. वस्तुतः ‘ऑर्थोपेडिक्स’ हे नावच मुलांवरून पडलेले आहे. निकोलास आंद्री नावाच्या फ्रेंच वैद्याने १७४१ साली ‘सरळ’ आणि ‘मूल’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते घडविले. त्याच्या ग्रंथात वाकडे रोप काठीला बांधल्याचे चित्र आहे; तेच आजही जगभर अस्थिवैद्यांचे बोधचिन्ह म्हणून वापरले जाते.

मी या शाखेकडे वळलो त्याला कारण माझी थोरली बहीण. अक्का जन्मली ती दोन्ही पावले आत वळलेली अशीच. आईने गरोदरपणी ग्रहण पाहिले असणार, असे आजीने ठरवून टाकले, आणि ते बोल आईने जन्मभर ऐकून घेतले. एका वैद्याने ‘मूल मोठे होऊ द्या, मग पाहू’ असे सांगितले. अक्का मोठी झाली. ती पावलांच्या बाहेरच्या कडेवर चाले. तेथे जाड घट्टे पडले. शाळा दोन मैलांवर होती, त्यामुळे शिक्षण चौथीतच आटोपले.

आमच्या वडिलांच्या काळी वैद्यक शिकायचे म्हणजे हैदराबाद गाठावे लागे. पुढे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये १९५६ साली औरंगाबादेस, १९७४ साली अंबाजोगाईस आणि १९८८ साली नांदेडास निघाली. मी अंबाजोगाईस शिकलो. एम.बी.बी.एस.ला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे, अस्थिशास्त्राच्या एम.एस.ला तीन वर्षे आणि त्यापुढे मुलांच्या शाखेचे एखाददुसरे वर्ष, असा हा प्रवास आहे. बारावीनंतर दहा वर्षे तरी धरून चालावे. पालकांनी हा हिशेब आधीच करावा, मुलगा एम.एस. होताच त्याने नांदेडात स्वतःचे रुग्णालय थाटावे अशी घाई करू नये. मुलांच्या शाखेत पैसा कमी आणि रडणे फार, हेही सांगून ठेवतो.

मुलाचे हाड म्हणजे मोठ्या माणसाचे हाड लहान करून ठेवलेले नव्हे. त्याच्या टोकांशी वाढीचा कूर्चेचा थर असतो. तो दुखावला तर हात-पाय आखूड राहतो किंवा वाकडा वाढतो. म्हणून एका मुलावर पंधरा पंधरा वर्षे नजर ठेवावी लागते. उलट वाढीच्या बळावर पुष्कळसे व्यंग आपोआप भरूनही येते. केव्हा हात घालावा आणि केव्हा स्वस्थ बसावे, हे शिकण्यातच अर्धे शिक्षण जाते.

या शाखेचे काम पूर्वी मुख्यतः पोलिओचे असे. आपल्या मुलीला पोलिओ झाल्यावर उपचारांसाठी वणवण केलेल्या फातिमा इस्माईल या बाईंनी १९४७ साली मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली. हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय हे तिचेच फळ. देशातील पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ च्या जानेवारीत आढळला आणि २०१४ साली आपण पोलिओमुक्त ठरलो. वाकडी पावले मात्र आजही दर हजारी एक-दोन बालकांस असतातच.

आता एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. व्यवसायाच्या पहिल्या दहा वर्षांत मी असली पावले मोठी शस्त्रक्रिया करूनच सरळ केली. पाऊल सरळ दिसे, आईबाप पाया पडत. तीच मुले विशीत आली तेव्हा त्यांचे घोटे ताठर झालेले आणि दुखणारे मी पाहिले. अमेरिकेत आयोवा येथे इग्नासियो पोन्सेटी हे स्पॅनिश वैद्य १९४० नंतरच्या दशकापासून निराळीच रीत वापरीत होते. तिची वार्ता आम्हांपर्यंत पोचेतो फार उशीर झाला. आणि पोचल्यावरही मी ती अभिमानापोटी दोन वर्षे बाजूस ठेवली, हा दोष माझा.

रीत साधी आहे. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत, हाताने पाऊल हळुवार वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालावयाचे; दर आठवड्यास ते बदलावयाचे. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल वळते. बहुधा टाचेमागील शीर बारीक छेद देऊन सैल करावी लागते, आणि त्यानंतर तीन आठवडे अखेरचे प्लास्टर असते. पुढे आडव्या पट्टीस जोडलेले बूट : तीन महिने जवळजवळ दिवसभर, नंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेत.

अपयश येते ते या बुटांपाशी. आजीला नातवाची दया येते व ती बूट काढते; घरची मंडळी उसाच्या फडावर जातात आणि बूट गावीच राहतात. पाऊल पुन्हा आत वळते. मी आता प्लास्टर काढण्याच्या दिवशी सासूलाही बोलावतो, आणि ग्रहणाचा या व्यंगाशी काही संबंध नाही, हे सुनेच्या देखत तिला सांगतो. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ सालापासून अशा बालकांची तपासणी व उपचार विनामूल्य होतात. तेव्हा पैशाची सबब उरत नाही.

अक्का आज साठीच्या पुढे आहे. तिच्या पावलांसाठी मी काही करू शकलो नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा वेळ गेलेली होती. मात्र बूट बांधण्याचे काम माझ्या दवाखान्यात तीच शिकविते. तिची पावले पाहिली की आया पट्टे सैल ठेवीत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

भोजनास अवकाश आहे असे चिटणीस सांगतात. ती आणि मी दोघेही मागील वर्गखोलीत बसतो. कोणाच्या घरी असे बालक असेल तर त्याला आजच घेऊन यावे.