मृत्यूचं कारण लिहिताना



न्यायवैद्यकाच्या माणसाला लोक सहसा सगळ्यात शेवटी बोलावतात. आज तुम्ही पहिल्यांदा बोलावलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

अशा संमेलनाच्या अध्यक्षाने विषयाचा इतिहास सांगावा, सद्यःस्थितीबद्दल चिंता व्यक्त करावी आणि तरुणांकडून आशा बाळगावी, अशी प्रथा आहे. ती मी आज मोडतो. मला एवढंच विचारायचं आहे की सरकारी रुग्णालयात माणूस दगावला, तर तो कशाने दगावला हे आपण खरोखर शोधतो का? ‘कोणामुळे’ हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे मात्र तोच आधी विचारला जातो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर नसतं, मग दुसऱ्याचं उत्तर जो हाताशी सापडेल त्याच्या नावावर लिहून टाकतात.

1986 साल आठवा. जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रोग्यांना ग्लिसरॉल दिलं गेलं. मेंदूची सूज किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी तेव्हा ते सर्रास देत असत. त्यांतल्या काहींची लघवी बंद झाली, मूत्रपिंडं निकामी झाली. 14 माणसं गेली. ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं. हे कारखान्यांत वापरायचं द्रावक आहे, चवीला गोडसर, दिसायला ग्लिसरीनसारखंच आणि किमतीला स्वस्त. रोग्याच्या पोटात जाणाऱ्या बाटलीत औद्योगिक वापराचा माल आला होता.

इथे वैद्यकीय बाजूने थोडं थांबायला हवं. मेंदूला सूज असलेला रोगी दगावला, तर वॉर्डात कोणाला नवल वाटत नाही. आजारच तसा असतो. केसपेपरवर मूळ निदान लिहिलेलं असतं आणि मृत्यू त्या निदानाच्या पोटात सहज मावतो. जे मावत नव्हतं, ते मूत्रपिंड. मेंदूच्या रोग्याची लघवी का थांबावी? शेजारच्या खाटेवरच्याचीही का थांबावी? हा प्रश्न कोणीतरी विचारला, वेगवेगळ्या खाटांवरचे कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा ग्लिसरॉल सापडलं. विषाचा शोध प्रयोगशाळेत पूर्ण झाला, पण सुरू झाला तो वॉर्डात.

न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने याची चौकशी केली आणि 1987 मध्ये अहवाल दिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात तो का नाही, हे मला कधीच कळलेलं नाही. लेंटिन एका परिचारिकेपाशी किंवा एका पुरवठादारापाशी थांबले नाहीत. बाटलीचा माग काढत ते रुग्णालयाच्या खरेदीपर्यंत गेले, तिथून अन्न व औषध प्रशासनापर्यंत आणि मग मंत्र्यांच्या दालनापर्यंत. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी सही केली होती आणि कोणीही बाटलीत डोकावलं नव्हतं. मुंबईचे ज्येष्ठ मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या यांनी 1988 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रकरणावर लिहिलं, म्हणून जगाला ते नीट कळलं.

आणि हे काही तेव्हा नव्यानेच उमगलेलं विष नव्हतं. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या गोड पातळ औषधाने शंभरावर माणसं गेली होती, ती याच रसायनाने. त्यातून 1938 चा तिथला औषध कायदा आला. म्हणजे जे. जे. मध्ये जे घडलं त्याचं वर्णन पुस्तकांत अर्धं शतक छापलेलं होतं.

आता 2025. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात लहान मुलं साध्या सर्दी-तापाने आजारी पडली, मग त्यांची लघवी थांबली. कितीतरी मुलांना नागपूरला हलवलं गेलं, म्हणजे हे आपल्याच दारात आलं. पाणी तपासलं, उंदीर-डास तपासले, नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे गेले. शेवटी संशय खोकल्याच्या औषधावर आला. तामिळनाडूत बनलेल्या त्या सिरपमध्ये तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला 48.6 टक्के डायइथिलिन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा 0.1 टक्क्याची आहे. एकूण वीसहून अधिक मुलं गेली. सुरुवातीला गेलेल्या मुलांचं शवविच्छेदन झालेलंच नव्हतं.

1986 आणि 2025 यांच्यामध्ये अशाच औषधाने मुलं गमावलेलं गुरुग्राम आहे, जम्मूतलं रामनगर आहे, आपल्या देशातून गेलेल्या सिरपने मुलं गमावलेला गांबिया आहे. रसायन तेच. लक्षणं तीच. प्रत्येक वेळी आधी वेगळंच काहीतरी शोधलं गेलं. औषध नियंत्रकांना जाब विचारायलाच हवा आणि तो विचारला जातो आहे. पण ही सभा औषध नियंत्रकांची नाही, आपली आहे. त्यामुळे आपल्याला टोचणारा प्रश्न असा की पहिलं मूल गेलं तेव्हा त्याचं मूत्रपिंड कोणी का पाहिलं नाही?

उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. रुग्णालयातल्या मृत्यूचं शास्त्रीय शवविच्छेदन आपल्याकडे जवळपास बंद पडलं आहे. पोलिसांनी आणलेला मृतदेह आपण उघडतो, कारण कायदा सांगतो. वॉर्डातून खाली येणारा देह थेट नातेवाइकांच्या ताब्यात जातो. आई-वडील म्हणतात, लेकराला कापू नका. त्यांना दोष कसा देणार? पण त्यांना नीट समजावून परवानगी मागणारा डॉक्टर तरी वॉर्डात उरला आहे का? तो तेव्हा पुढच्या तीन रोग्यांत अडकलेला असतो. शिवाय त्याच्या मनात भीती असते, की शवविच्छेदन मागितलं तर आपणच काहीतरी चुकलो असं वाटेल. ही भीती आपल्या सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे आणि निलंबनाच्या प्रत्येक आदेशाने ती वाढते.

फॉर्म चारकडे येतो. मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र. त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण आणि सगळ्यात खाली मूळ कारण अशा ओळी आहेत. हृदय बंद पडणं ही मरणाची पद्धत झाली, ते कारण म्हणून लिहू नये, अशी सूचना फॉर्मवरच छापलेली आहे. तरी कोणत्याही सरकारी रुग्णालयाचा गठ्ठा उघडा, पानामागून पान ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. पहाटे तीन वाजता पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर हे लिहितो, कारण त्याला कोणी शिकवलेलं नसतं आणि नातेवाईक दारात उभे असतात. 2020 सालच्या राष्ट्रीय अहवालाप्रमाणे देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी फक्त 22.5 टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारणाचं प्रमाणपत्र होतं. आणि ज्यांना होतं, त्यांतल्या कितींवर भरवसा ठेवावा हे तुम्ही-आम्ही जाणतो.

हा रिकामा कागद किती महाग पडतो, ते नांदेडने दाखवलं. 2023 च्या सप्टेंबरअखेर तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 24 तासांत 24 मृत्यू झाले, त्यांत 12 नवजात बालकं होती. राज्य हादरलं, ते योग्यच झालं. पण पुढे काय झालं? एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं. मग खासदारांवर गुन्हा, अधिष्ठात्यांवरही गुन्हा. औषधं होती की नव्हती यावर दोन्हीकडून पत्रकं निघाली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या सगळ्या गदारोळात त्या 24 जणांतला प्रत्येकजण कशाने गेला, हे कितीजणांना ऐकल्याचं आठवतं?

मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त रोगी असलेल्या आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून शेवटच्या घटकेला रोगी येणाऱ्या रुग्णालयात मृत्यू जास्त होणारच. त्यामुळे 24 हा आकडा एकटा काहीच सिद्ध करत नाही. तो काहीच नाही म्हणून सोडूनही देता येत नाही. आदल्या महिन्यात रोज किती मृत्यू होत होते, 12 नवजातांपैकी किती आधीच अत्यवस्थ होऊन आली होती, किती इथेच आजारी पडली, हे कागद त्याच दिवशी टेबलावर असते, तर झाडूची वेळ आली नसती. प्रशासन म्हणालं, सगळं नेहमीसारखं आहे. लोकांना ते पटलं नाही. ज्याने कधी मोजलंच नाही, त्याने ‘नेहमीसारखं’ म्हणावं, यावर मीही विश्वास ठेवला नसता.

भंडाऱ्याचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना अजूनही त्रास होतो. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली, 10 बाळं गेली. निलंबनं झाली, बदल्या झाल्या आणि फौजदारी गुन्हा दाखल झाला तो परिचारिकांवर. त्या रात्री कक्षात कोण होतं हे विचारायलाच हवं. पण अग्निसुरक्षेची फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती, हे विचारायला लेंटिनांसारखा माणूस लागतो.

संशयाबद्दल दोन परदेशी उदाहरणं देतो, कारण ती एकमेकांना छेद देतात. इंग्लंडमधल्या हाइड गावात डॉ. हॅरल्ड शिपमन आपल्या वृद्ध रोग्यांना मॉर्फिनवर्गातली इंजेक्शनं देऊन मारत होता. पुढच्या चौकशीत असे 215 बळी निश्चित झाले. त्याच्याकडचे मृत्यू फार आहेत हे आधी कोणाच्या लक्षात आलं? गावातल्या एका टॅक्सीचालकाच्या आणि अंत्यसंस्कार करणाऱ्यांच्या. मार्च 1998 मध्ये हाइडमधल्याच दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉ. लिंडा रेनॉल्ड्स यांनी रीतसर कळवलं, पोलिसांनी वरवर पाहून फाईल बंद केली, आणि त्यानंतर आणखी तीन स्त्रिया मारल्या गेल्या. दुसरीकडे नेदरलँड्स. लुसिया द बर्क या परिचारिकेच्या पाळीत मृत्यू जास्त झाले म्हणून तिला जन्मठेप झाली. हा योगायोग असण्याची शक्यता 34 कोटी 20 लाखांत एक, असं गणित न्यायालयात मांडलं गेलं. ते गणितच चुकीचं होतं. 2010 मध्ये ती निर्दोष सुटली. ज्या मृत्यूंना खून म्हटलं होतं, ते नैसर्गिक असू शकत होते. एका ठिकाणी मोजलं नाही, दुसऱ्या ठिकाणी मोजलं पण कारण न शोधता.

ब्रिटनने शिपमननंतर बरीच वर्षं घोळ घातला, पण सप्टेंबर 2024 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉरोनरकडे, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न जाणारा प्रत्येक मृत्यू एक स्वतंत्र वैद्यकीय परीक्षक तपासतो आणि नातेवाइकांशी बोलतो. आपल्याकडे? मुंबईत 1871 च्या कायद्याखालचा कॉरोनर होता. त्याचं सगळंच काही चांगलं चालत होतं असं नाही. पण 1999 मध्ये आपण तो मोडीत काढला आणि त्याच्या जागी कोणीही आलं नाही. अकस्मात मृत्यूची चौकशी पोलीस ठाण्यावर आली. त्या हवालदाराकडे पंचनाम्याचा साचा आधीच तयार असतो, जागा फक्त नावासाठी रिकामी.

सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलं की निष्काळजीपणाच्या आरोपावरून डॉक्टरवर फौजदारी कारवाई करण्याआधी पोलिसांनी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं, शक्यतो सरकारी सेवेतल्या डॉक्टरचं. निकाल शहाणपणाचा आहे आणि आपल्यातल्या अनेकांना त्याने वाचवलं आहे. मात्र मृत्यूच सरकारी रुग्णालयात झाला असेल तर? मग समितीवर बसणारा आणि समितीपुढे उभा राहणारा, दोघांचं खातं एक, सेवाज्येष्ठतेची यादी एक. आज मी तुमची चौकशी करतो, पुढच्या वर्षी तुम्ही माझी. अशा अहवालावर मृताच्या भावाने विश्वास ठेवावा, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो?

वाट अगदीच नाही असं नाही. केरळमध्ये तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून मातामृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. डॉक्टरचं नाव नाही, रुग्णालयाचं नाव नाही, फक्त काय घडलं आणि कुठे वेळ गेला. रक्तस्रावाने किती गेल्या, रक्तदाबाने किती, हे त्यांनी छापून सर्वांसमोर ठेवलं आणि प्रसूतीगृहातल्या सवयी बदलल्या. आपल्याच राज्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, आईशी बोलून बालमृत्यूंची कारणं ठरवली आणि ‘कोवळी पानगळ’ या अहवालात सरकारी आकडे किती कमी आहेत ते दाखवलं. तिथे ना शवागार होतं, ना प्रयोगशाळा. प्रत्येक मूल मोजायचंच, एवढा हट्ट मात्र होता.

म्हणून उद्याच्या खुल्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे. सरकारी रुग्णालयातल्या प्रत्येक मृत्यूचा फॉर्म चार, त्या रोग्यावर उपचार न केलेल्या एका डॉक्टरने सात दिवसांत वाचावा आणि कारण पटलं नाही तर तसं लिहावं. न पटलेल्या मृत्यूंचा आकडा दर महिन्याला रुग्णालयाच्या दर्शनी भागात लावावा. तिथे नावं नकोत, आकडा पुरे. एकाच आठवड्यात एकाच प्रकारचे न पटणारे तीन मृत्यू दिसले, तर पुढच्या मृताच्या नातेवाइकांशी शवविच्छेदनाबद्दल विभागप्रमुखाने स्वतः बोलावं, इंटर्नला पाठवू नये. आणि अशी शंका लेखी मांडणाऱ्यावर, मग तो डॉक्टर असो, सिस्टर असो की वॉर्डातले मामा, त्या कारणाने कारवाई करता येणार नाही.

आक्षेप मला आधीच ऐकू येतात. माणसं कुठून आणायची? शवागारातलं फ्रीझर बंद आहे, त्याचं काय? आकडा दारावर लावला तर जमाव येईल. शेवटचा आक्षेप गंभीर आहे आणि त्यावर चर्चा व्हावी. मारहाण सोसलेले सहकारी या सभागृहात आहेत, डॉक्टरांवरचे हल्ले रोखणारा राज्याचा 2010 चा कायदा असूनही. पण आकडा नव्हता तेव्हाही जमाव आलाच होता. माणसांचं म्हणाल तर फॉर्म वाचायला दहा मिनिटं लागतात, मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं आहे. फ्रीझरचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आरोग्य खात्याने द्यायचं आहे आणि त्यांचे प्रतिनिधी पहिल्या रांगेत बसले आहेत.

ठरावाचा मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या आज संध्याकाळी सहापर्यंत चिटणीसांकडे लेखी द्याव्यात. मतदान उद्या सकाळी, पहिल्या शोधनिबंधाआधी.