घरातला राउटर कोणाचा?



आजचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. घरात इंटरनेट आणणारी एक-दोन यंत्रे भिंतीवर किंवा टीव्हीच्या कपाटात बसवलेली असतात. ती भाड्याने घ्यावीत की विकत घ्यावीत, एवढाच प्रश्न. महिन्याला पंधरा डॉलर किंवा शंभर रुपये, त्यावर व्याख्यान कशाला, असे कोणाला वाटले तर नवल नाही. पण या छोट्या रकमेमागे एक मोठा प्रश्न आहे आणि तोच मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे. हे पैसे नुसत्या काटकसरीने वाचत नाहीत. स्वतःचे यंत्र लावण्याचा ग्राहकाचा कायदेशीर हक्क, त्या यंत्रासाठी सर्व कंपन्यांनी मानलेले तांत्रिक मानक आणि बिलात वेगळे दिसणारे भाडे, या तीन गोष्टी जिथे जुळून येतात तिथेच पैसे वाचतात. यातली एक जरी नसली तरी कितीही हिशेबी माणसाचे हात बांधलेले राहतात. म्हणून प्रत्येकाने आपल्या घरापुरता हिशेब तर करावाच, पण या तीन गोष्टींची मागणीही ग्राहक म्हणून सर्वांनी मिळून करावी.

हा हिशेब सर्वांत स्पष्ट दिसतो तो अमेरिकेत. तिथे कोट्यवधी घरांत इंटरनेट केबल टीव्हीच्या तारेतून येते. त्या तारेवरचा संदेश संगणकाला समजेल अशा रूपात आणणारे यंत्र म्हणजे मोडेम आणि ती जोडणी घरातल्या मोबाइल, लॅपटॉप, टीव्हीपर्यंत वाय-फायने पोचवणारे यंत्र म्हणजे राउटर. कंपन्या बहुधा दोन्ही कामे करणारे एकच यंत्र देतात, त्याला गेटवे म्हणतात. कॉमकास्ट या केबल कंपनीच्या एक्सफिनिटी सेवेत २०२४च्या सुमारास या गेटवेचे भाडे महिन्याला १५ डॉलर होते, म्हणजे वर्षाला १८०. याउलट त्याच जाळ्यावर चालणारा चांगला मोडेम बाजारात साधारण १७० डॉलरला आणि मध्यम घराला पुरेल असा राउटर १०० डॉलरला मिळतो, असे धरू. एकूण २७० डॉलर. भाड्याच्या हिशेबाने ही रक्कम अठरा महिन्यांत वसूल होते. एच-वन-बी व्हिसावर तिकडे गेलेल्या मराठी जोडप्याला हे गणित विशेष लागू पडते, कारण त्या व्हिसाची पहिली मुदत सहसा तीन वर्षांची आणि एकूण मर्यादा सर्वसाधारणपणे सहा वर्षांची असते. तीन वर्षांचे भाडे ५४० डॉलर होते, सहा वर्षांचे १,०८०. मधल्या काळात राउटर एकदा बदलावा लागला असे धरले, तरी स्वतःच्या यंत्रांवर सहा वर्षांत ३७० डॉलर खर्च होतात आणि ७१० डॉलर हातात राहतात. शिवाय भाडे कितीही वर्षे भरले तरी यंत्र कधीच आपले होत नाही. सेवा बंद करताना ते परत करावे लागते आणि परत केले नाही तर त्याचीही किंमत मोजावी लागते.

आता कोणी विचारील की इतके सरळ गणित आहे, तर कंपन्यांनी ग्राहकाला स्वतःचे यंत्र लावू तरी का दिले? त्यांनी ते आपणहून दिलेले नाही, आणि त्याची कहाणी इंटरनेटच्याही आधी सुरू होते. अमेरिकेत टेलिफोनवर एटीअँडटी या एकाच कंपनीचे वर्चस्व होते, तेव्हा घरातला फोनही कंपनीच्याच मालकीचा असे आणि त्याचे भाडे दरमहा भरावे लागे. त्या फोनला परकी वस्तू जोडायची नाही, असा नियम होता. तो किती टोकाला जाई याचे उदाहरण म्हणजे हश-अ-फोन. आपले बोलणे शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून फोनच्या तोंडाशी बसवायचा हा एक साधा पेला होता. कंपनीने त्यालाही हरकत घेतली. १९५६ मध्ये अपील न्यायालयाने ती हरकत मोडून काढली. ग्राहकाला स्वतःच्या सोयीसाठी फोन हवा तसा वापरता यावा, फक्त त्यातून सार्वजनिक नुकसान होता कामा नये, ही कसोटी तिथे घालून दिली गेली. पुढे टेक्सासमधल्या थॉमस कार्टर यांनी दुतर्फी रेडिओ टेलिफोनशी जोडणारे कार्टरफोन नावाचे यंत्र बनवले. १९६८ मध्ये फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन या अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने तीच कसोटी लावून एटीअँडटीची बंदी अवाजवी ठरवली. आन्सरिंग मशीन, फॅक्स आणि संगणकाचे मोडेम घरोघरी पोचले ते या निर्णयाने उघडलेल्या वाटेने. आज आपण ज्याला साधी बचत म्हणतो, ती या दोन निकालांच्या पायावर उभी आहे.

पण नुसत्या हक्काने भागत नाही. यंत्र लावायची परवानगी आहे, पण ते चालतच नाही, तर तो हक्क कागदावरच राहतो. केबल इंटरनेटच्या बाबतीत ही अडचण डॉक्सिस या मानकाने सोडवली. केबललॅब्स या केबल उद्योगाच्याच संशोधनसंस्थेने १९९७ मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली, २००६ मध्ये ३.० आणि २०१३ मध्ये ३.१. मोडेम कोणत्याही कारखान्याचा असो, तो या मानकानुसार बनवलेला आणि कंपनीने तपासून मान्य केलेला असला की तिच्या जाळ्यावर चालतो. त्यामुळे मोटोरोला, ॲरिस, नेटगिअर अशा अनेक उत्पादकांत स्पर्धा लागली आणि किंमत आटोक्यात राहिली. याचा आणखी एक फायदा असा की ग्राहक एका केबल कंपनीकडून दुसरीकडे गेला तरी बहुधा तोच मोडेम सोबत नेता येतो.

तिसरा आधार बिलाचा. १९९६च्या अमेरिकी दूरसंचार कायद्याने आणलेल्या कलम ६२९ने केबलसेवेची यंत्रे कंपनीशी संबंध नसलेल्या विक्रेत्यांकडूनही मिळावीत, अशी व्यवस्था करायला सांगितले. त्याच कलमात यंत्राचा आकार वेगळा दाखवायचा आणि तो सेवेच्या दरातून भागवायचा नाही, अशी अट आहे. तरीही काही ठिकाणी स्वतःचे यंत्र वापरणाऱ्या ग्राहकांकडूनही भाडे घेतले जात राहिले. ते थांबवण्यासाठी २०१९ मध्ये काँग्रेसला आणखी एक कायदा करावा लागला. न दिलेल्या यंत्राचे भाडे आकारायचे नाही, हा त्यातला नियम डिसेंबर २०२० पासून लागू झाला. न दिलेल्या वस्तूचे पैसे घेऊ नयेत, एवढे सांगण्यासाठी देशाच्या संसदेला कायदा करावा लागतो, यावरून ग्राहकाची बाजू मुळात किती कमकुवत असते ते लक्षात येते.

या साऱ्यावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप दुरुस्तीचा. भाड्याचे यंत्र बिघडले तर कंपनी बदलून देते. स्वतःचे बिघडले तर कंपनी यंत्राला दोष देणार आणि विक्रेता कंपनीच्या तारेला. ही अडचण खरी आहे. भाड्यात एक प्रकारचा विमा असतो हे मान्यच करायला हवे. प्रश्न त्या विम्याच्या हप्त्याचा आहे. वर्षाला १८० डॉलरचा विमा २७० डॉलरच्या वस्तूवर उतरवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही, त्यातही त्या वस्तूला उत्पादकाची हमी असते. दुसरा आक्षेप असा की तंत्रज्ञान लवकर जुने होते. पण डॉक्सिसची नवी आवृत्ती जुन्या यंत्रांना सांभाळूनच पुढे जाते. २००६च्या आवृत्तीचे मोडेम त्यानंतर दहा वर्षांनीही घरोघरी काम करत होते. आपण घेतलेल्या योजनेच्या वेगाला पुरेल आणि कंपनीच्या मान्य यादीत असेल असाच मोडेम घ्यायचा, एवढे पथ्य पुरते.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. राउटरमधल्या त्रुटी शोधून चोरटे घरात शिरतात, म्हणून त्यातले सॉफ्टवेअर वेळोवेळी अद्ययावत करावे लागते. कंपनीचे यंत्र हे काम आपोआप करून घेते. स्वतःच्या मोडेमचे सॉफ्टवेअरही केबल कंपनीच पाठवते, त्यामुळे तिथे चिंता नाही. राउटरची जबाबदारी मात्र मालकावर येते. ज्याला पासवर्ड बदलणे आणि अपडेट करणे जमणार नाही, त्याने आपोआप अद्ययावत होणारा राउटर निवडावा, नाहीतर भाड्याचेच यंत्र ठेवावे. पण भाड्याच्या यंत्राचा ताबाही पूर्णपणे आपल्याकडे नसतो, हे विसरून चालणार नाही. कॉमकास्टने ग्राहकांच्या घरातल्या भाड्याच्या गेटवेमधून इतर ग्राहकांसाठी सार्वजनिक वाय-फाय सुरू केले होते आणि ज्याला ते नको असेल त्याला स्वतःहून बंद करावे लागे. यंत्र ज्याचे, त्याचा शब्द त्यावर चालतो. मालकीचा हा अर्थ पैशांइतकाच महत्त्वाचा आहे.

चौथा आक्षेप मात्र माझ्या गणितालाच हात घालतो. कंपनीने यंत्राचे भाडे सेवेच्या दरातच मिसळून टाकले, तर विकत घेऊन काय वाचणार? काहीच नाही. आणि अलीकडे वारे त्याच दिशेने वाहत आहे. डेटावर मर्यादा असलेल्या भागांत कॉमकास्ट काही काळ गेटवेसह अमर्याद डेटा २५ डॉलरला देत असे आणि गेटवे न घेणाऱ्याला नुसत्या अमर्याद डेटासाठी ३० डॉलर पडत. म्हणजे स्वतःचे यंत्र आणणाऱ्यालाच जादा भुर्दंड. काही फायबर कंपन्यांच्या जाळ्यात त्यांच्या गेटवेशिवाय जोडणीच होत नाही. अशा ठिकाणी विकत घेऊ नका, असेच मी सांगेन. पण हा आक्षेप माझे म्हणणे खोडत नाही, पक्के करतो. ग्राहकाची काटकसर तीच आहे, बिलातली एक ओळ नाहीशी झाली आणि बचत संपली. म्हणून २०२४ पासून अमेरिकेत दर आणि इतर आकार वेगवेगळे दाखवणारे लेबल प्रत्येक योजनेला सक्तीचे झाले, ही मोठी गोष्ट आहे.

युरोपने याहून मूलगामी प्रश्न विचारला : कंपनीचे जाळे नेमके कुठे संपते आणि ग्राहकाचे घर कुठे सुरू होते? युरोपीय संघाच्या २०१५च्या नियमाने ग्राहकाला आपल्या पसंतीचे यंत्र वापरण्याचा हक्क दिला. जर्मनीने १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्यानेच ठरवून टाकले की जाळे भिंतीवरच्या सॉकेटशी संपते आणि पुढचे यंत्र ग्राहकाच्या मर्जीचे. जोडणीसाठी लागणारी माहिती ग्राहकाला देणे कंपनीवर बंधनकारक झाले. ही रेषा एकदा आखली की बाकीचे प्रश्न सुटायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे ही रेषा अजून पुसट आहे. महाराष्ट्रात शहरांतून आता फायबर घराघरात पोचले आहे. त्याच्या टोकाला बसवलेल्या यंत्राला ओएनटी म्हणतात आणि त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या यंत्रणेत नोंदवल्याशिवाय ते सहसा चालू होत नाही. त्यामुळे ते बदलणे ग्राहकाच्या एकट्याच्या हातात नसते. यंत्र ‘फ्री’ म्हणून मिळते, पण मालकी कंपनीची. २०१९ मध्ये जिओफायबर सुरू झाले तेव्हा सुरुवातीला २,५०० रुपये घेतले जात, त्यातले १,५०० परतीची अनामत होती. तुमच्या बिलात यंत्राचे भाडे महिना १०० रुपये आहे असे समजा. १८ टक्के जीएसटी धरून ते ११८ होते आणि तीन वर्षांत ४,२४८ रुपये. एवढ्यात घरापुरता उत्तम राउटर येतो. भाडे वेगळे नसले, तरी ओएनटी कंपनीचे ठेवून त्यापुढे आपला राउटर लावता येतो. त्याने भाडे वाचत नाही, पण वाय-फाय नीट मिळत नाही म्हणून महागडी योजना घेण्याची पाळी येत नाही. पुष्कळ घरांत तक्रार वेगाची नसते, दोन भिंतींपलीकडे न पोचणाऱ्या वाय-फायची असते.

स्वतःचे यंत्र लावण्याचा हक्क आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. २००३च्या वीज कायद्याच्या कलम ५५मध्ये ग्राहकाने स्वतःचा मीटर विकत घेण्याची मुभा आहे. तसा त्याने तो घेतला नाही, तरच कंपनी मीटरसाठी अनामत आणि भाड्याचा करार मागू शकते. ज्या यंत्रावर बिलाची आकडेमोड होते, तेही ग्राहकाच्या मालकीचे असू शकते हे आपल्या संसदेने मान्य केले आहे. मग ज्या यंत्रातून आपली मुले शिकतात, घरातले बँकव्यवहार होतात, त्याबाबत तेच तत्त्व मान्य व्हायला हरकत काय?

श्रोतेहो, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुढचे बिल आले की त्यात यंत्राच्या नावाने काय घेतले जाते ते पाहा, दिसत नसेल तर कंपनीला लेखी विचारा. भाडे असेल आणि तुम्ही त्या घरात दोन वर्षे राहणार असाल, तर मान्य यंत्रांची यादी मागवून स्वतःचे यंत्र घ्या आणि जुने परत केल्याची पावती जपून ठेवा. दुसरी गोष्ट आपण एकेकट्याने करण्याची नाही. ग्राहक पंचायतींनी, गृहनिर्माण सोसायट्यांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी ट्राय या दूरसंचार नियामकाकडे स्पष्ट मागणी करावी : यंत्राचा आकार बिलात वेगळा दाखवा, स्वतःचे प्रमाणित यंत्र लावण्याचा हक्क द्या आणि तसे लावणाऱ्याचा दर तेवढा कमी करा. अमेरिकेतल्या ग्राहकाला हे हक्क मिळायला कित्येक दशके लागली. त्यांचा अनुभव आपल्यासमोर असताना आपण तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.