शेजाऱ्याची साक्ष



आठवड्याच्या बाजारात मेथीच्या दोन पाट्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात. दोन्हींतील जुड्या हिरव्यागार, दोन्ही ताज्या. एका मेथीवर चार दिवसांपूर्वी औषधाचा पंप फिरला आहे. दुसरीवर पेरल्यापासून काढेपर्यंत विषाचा थेंब पडलेला नाही. गिऱ्हाईक म्हणून तुम्ही दोन्ही जुड्या हातात घेऊन पाहा. रंगावरून कळणार नाही, वासावरून कळणार नाही. शितावरून भाताची परीक्षा होते. पण पानावरून मेथीची होत नाही.

मग एखादी ताई विचारते, "मावशी, ही बिनऔषधाची कशावरून?" मावशी म्हणतात, "अगं ताई, माझी नातवंडं हीच खातात!" उत्तर खरे असते. पण शेजारच्या पाटीवरचा माणूसही तेच म्हणू शकतो, आणि म्हणतोही. ताई दोघांकडे पाहते आणि दोन रुपये स्वस्त असेल ती जुडी उचलते. वर्षभर शेण वाहून, अळ्या वेचून पिकविलेली मावशींची मेथी इतर मेथीच्या भावानेच जाते. असे दोन हंगाम झाले की घरातलीच माणसे म्हणू लागतात, "कशाला हा उपद्व्याप? घ्या पंप पाठीवर!"

सेंद्रिय शेती पुष्कळदा मोडते ती अशी, बाजारात. म्हणून आज थोडे शेताविषयी बोलू आणि जास्त बोलू ते या विश्वासाविषयी.

पहिली गोष्ट अशी की, खत आणि औषध बंद केले म्हणजे सेंद्रिय शेती झाली, असे नाही. ती नुसती उपाशी शेती झाली. साधा हिशेब मांडू. युरियाची एक गोणी आज ४५ किलोची येते आणि तिच्यात २० किलोंच्या वर नत्र असते. चांगल्या शेणखतात शेकडा अर्धा भाग नत्र धरले, तर एका टनात ५ किलो मिळते. म्हणजे एका गोणीच्या जागी चार टन शेणखत हवे. शिवाय त्यातले सगळे नत्र पहिल्याच वर्षी पिकाच्या हाती लागत नाही. शेणखत जमिनीला भुसभुशीत करते, ओल धरते, आणखी पुष्कळ काही देते, हे खरेच. परंतु हिशेब टळत नाही. आज कितीक घरी गोठ्यात दोनच जनावरे उरली आहेत. तेवढ्या शेणावर पाच एकर कसे पोसणार?

यावर तोड आहे ती कुजविण्याच्या विद्येत. इंदूरच्या संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने शेतातला काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर देऊन उत्तम खत करण्याची पद्धत बसविली. तिच्यावरील १९३१ च्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. हॉवर्डसाहेबांनी या देशाच्या शेतकऱ्याला आपला गुरू मानले होते, हेही लक्षात ठेवावे.

पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात जास्त खत करण्याची रीत काढली. तिला त्यांच्याच नावावरून नाडेप म्हणतात. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे विटांचे हौद-घर बांधावयाचे. हवा खेळावी म्हणून भिंतीत भोके ठेवावयाची. पालापाचोळा, धसकटे, तुराट्यांचा चुरा असा १४००-१५०० किलो कचरा, अवघे १०० किलोच्या आसपास शेण, आणि चाळलेली कोरडी माती सुमारे पावणेदोन टन. शेण पाण्यात कालवून थराथरावर शिंपडावयाचे आणि वरून लिंपून घ्यावयाचे. भेगा पडतील त्या बुजवाव्यात, ओल राखावी. तीन-चार महिन्यांत अडीच-तीन टन खत तयार होते. आपण मात्र धसकटे पेटवून देतो आणि खताच्या दुकानापुढे रांगेत उभे राहतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

एक हौद म्हणजे दहा गुंठ्यांचे उत्तम पोषण. म्हणून सुरुवात दहा गुंठ्यांपासून करावी. बांधावर गिरिपुष्प लावावे. त्याचा पाला वर्षातून दोनतीनदा छाटून जमिनीत घालता येतो. एखाद्या तुकड्यात ताग पेरून फुलावर येताच गाडावा. मेथी-पालकानंतर चवळी, घेवडा, मूग असे शेंगेचे पीक घ्यावे. किडीसाठी निंबोळीचा अर्क: ५ किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवाव्यात, गाळून १०० लिटर पाणी करावे आणि संध्याकाळी फवारावे. कोबीत मोहरीच्या ओळी लावल्या तर पतंग आधी मोहरीकडे वळतो. टोमॅटोत झेंडू लावतात तो याच युक्तीने. आणि अर्काची वाट न पाहता सकाळी पिकातून एक फेरी मारावी. अळीचे पहिले दर्शन ज्याला झाले, त्याचे निम्मे काम झाले.

घाईचे फळ काय असते ते श्रीलंकेने पाहिले आहे. तेथील सरकारने २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली. जमिनीची तयारी नव्हती, पुरेसे कंपोस्ट नव्हते, शेतकऱ्याला शिकवायला माणसे नव्हती. भात घटला, चहा घटला, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हुकूम मागे घ्यावा लागला. सेंद्रिय शेती हुकमाने होत नाही. ती खताच्या हौदाएवढ्या मापाने वाढते. पहिली दोनतीन वर्षे उत्पन्न थोडे खाली येऊ शकते, हे आधीच समजून चालावे.

आता तुम्ही म्हणाल, दहा गुंठे तर आम्ही एकटेही करू. अवश्य करा. पण एकट्याला तीन अडचणी येतात. वाऱ्यावर शेजारच्या शेतातला फवारा तुमच्या पिकावर येतो, वरच्या शेताचे पाणी खाली उतरते. एकट्याचा माल एका पाटीएवढा. तेवढ्यासाठी शहरातले गिऱ्हाईक वाट पाहत बसत नाही. आणि तिसरी अडचण त्या ताईच्या प्रश्नाची: कशावरून?

या तिन्हींना उत्तर एकच, गट. ही कल्पना आपल्याला परकी नाही. श्री. अ. दाभोळकरांनी प्रयोग परिवार उभा केला तो याच पायावर. आपल्या शेतात प्रयोग करावयाचा, मोजावयाचा, आणि जे कळले ते हातचे न राखता दुसऱ्याला सांगावयाचे. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे पोट कसे भरेल, याचाही विचार त्यांनी मांडला. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत. पण गावठी वाणांचे बियाणे त्यांनी जपले, बचतगटांच्या बायकांना दिले, घेतलेल्यांनी पुढच्यांना दिले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाण्याचे गाडगे एका घरात राहिले असते, तर ते एका घराबरोबर संपले असते.

परदेशातही पाहा. ब्राझील देशाच्या दक्षिण भागात १९९८ साली छोट्या शेतकऱ्यांनी एकोविडा नावाचे जाळे विणले. गावोगावचे गट, गटांची मिळून प्रादेशिक केंद्रे. एका गटाने दुसऱ्याची पाहणी करावयाची आणि एकमेकांच्या मालाची हमी घ्यावयाची.

आपल्याकडे सेंद्रिय मालाच्या दाखल्याचे दोन रस्ते आहेत. एक २००१ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा. त्यात बाहेरची संस्था तपासणीस येते. माल परदेशी पाठवावयाचा तर हाच रस्ता. पण त्याचा खर्च आणि कागदपत्रे दहा गुंठ्यांच्या मेथीला पेलणारी नाहीत. दुसरा रस्ता सहभाग हमी पद्धतीचा. त्याला पीजीएस म्हणतात. केंद्राच्या कृषी खात्याने २०११ पासून तो चालविला आहे, आणि देशातल्या बाजारासाठी तो पुरेसा आहे.

त्यात होते काय? एकाच गावचे किंवा लगतच्या गावांचे निदान पाच शेतकरी गट करतात. प्रत्येक जण प्रतिज्ञा घेतो आणि आपल्या जमिनीचा, बियाण्याचा, खताचा इतिहास लिहून देतो. मग सदस्यच एकमेकांच्या शेतावर जाऊन पाहणी करतात. आबांच्या शेताची पाहणी तात्यांनी केली, तर तात्यांच्या शेताची पाहणी आबांनी करावयाची नाही. ती तिसऱ्याने करावयाची. का, हे सांगावयास नको. पाहणीचा कागद सभेपुढे येतो, सभा निर्णय करते, आणि वरची प्रादेशिक परिषद त्यावर मोहोर उठविते. जमीन बदलत असेतोवर हिरवा दाखला मिळतो, आणि ठरलेली मुदत पुरी झाली की संपूर्ण सेंद्रियाचा. हंगामी पिकांना ही मुदत साधारण दोन वर्षांची, फळबागेला तीन वर्षांची धरावी. बारीकसारीक नियम तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून घ्यावेत. ते वेळोवेळी बदलतात.

मंडळी, सोपे वाटते ना? आता खरी अवघड गोष्ट सांगतो. कागद भरणे अवघड नाही. अवघड आहे ते शेजाऱ्याच्या शेतात उभे राहून "तात्या, इथे औषध मारलेलं दिसतंय" असे म्हणणे.

समजा, गटातल्या एकाच्या वांग्यावर अळी चढली. मुलीचे लग्न तोंडावर आहे, वांगी गेली तर हातात पैसा नाही. त्याने रात्री पंप काढला. सकाळी पाहणीला आलेल्या दोघांना झाडाखाली रिकामी बाटली दिसली. तो हात जोडून म्हणतो, "एवढ्या वेळी पोटात घाला." तो नात्यातला आहे, एका पंगतीला बसणारा आहे. काय कराल?

पोटात घातलेत, तर त्या दिवशी फक्त वांगी विषारी होत नाहीत, गटातल्या सगळ्यांचा शब्द विषारी होतो. मग मावशींच्या मेथीचाही दाखला खोटा. बाहेरचा तपासनीस फसला तर म्हणता येते, त्याला काय माहीत? इथे तर साक्षीदार शेजारी आहे. कुंपणानेच शेत खाल्ले, तर दाद कोणाकडे मागावयाची?

उलट, त्याला गावातून उठविल्यासारखे गटाबाहेर फेकलेत, तर पुढच्या वेळी चूक झालेला माणूस बाटली पुरून टाकील. म्हणून शहाण्या गटाने शिक्षा आधीच ठरवून, लिहून ठेवावी: त्या तुकड्यातला माल गटाच्या नावाने विकावयाचा नाही, त्या तुकड्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजावयाची, दुसऱ्यांदा तसेच घडले तर गट सुटला. त्याचबरोबर गटाने स्वतःलाही विचारावे: अळी चढली तेव्हा हा माणूस आपल्याकडे का आला नाही? गटाजवळ निंबोळीचा साठा होता का? अडीनडीला देण्यासाठी चार पैशांची पेटी होती का? ज्या गटात मदत मागता येते, त्या गटात चोरी कमी होते.

बाजारासाठी दोनच सूचना. पेरणी वाटून घ्यावी. पाचही घरी मेथीच असेल तर पाचही पाट्या पडून राहतील. एकाने पालेभाजी, एकाने फळभाजी, एकाने वेलवर्गीय, असे ठरवावे. आणि गिऱ्हाइकाला शेतावर बोलवावे. वर्षातून एकदा शहरातली दहा कुटुंबे तुमच्या बांधावर बसून भाकरी खाऊन गेली, तर "कशावरून?" हा प्रश्न निम्मा सुटतो. भाव मात्र अवाच्या सवा सांगू नये. शेजारच्या पाटीपेक्षा थोडा अधिक आणि वर्षभर स्थिर, असा भाव दोघांनाही परवडतो.

आता गुरुजनहो, तुमच्याकडे एक मागणे. या कामात लिहिणारा हात लागतो. कोणत्या दिवशी काय पेरले, काय फवारले, किती निघाले, ही वही पुष्कळ घरी कोरी राहते. ती तुमच्या सातवी-आठवीच्या मुलांना भरू द्या. मूल आपल्याच आईला विचारील, "आज कोथिंबिरीला काय घातलं?" गणिताच्या तासाला शेणखताचा आणि गोणीचा हिशेब करून घ्या. शाळेच्या परसबागेत एका वाफ्याला कंपोस्ट द्या, एकाला देऊ नका, आणि दोन्हींची भाजी तोलून फळ्यावर लिहा. कंपोस्टचा वाफा मागे पडला, तर तेही लिहा. खरे लिहिण्याची सवय ज्या मुलाला लागली, ते मूल मोठेपणी शेजाऱ्याच्या शेताची पाहणी नीट करील.

बंधु-भगिनींनो, येत्या अमावस्येच्या आत एवढे करा. धसकटांना काडी लावू नका; ती हौदाच्या जागी आणून टाका. ज्यांच्या शब्दावर तुम्ही डोळे मिटून विश्वास ठेवाल, अशी चार घरे मनात आणा आणि त्यांना संध्याकाळी पारावर बोलवा. घरे पाचच झाली तरी चालतील; आधी सात जमली आणि नंतर दोन गळाली तरी वाईट वाटून घेऊ नका. त्या बैठकीत पहिला प्रश्न अनुदानाचा काढू नका. पहिला प्रश्न हा काढा: माझ्या शेतात चूक दिसली, तर ती मला तोंडावर सांगाल ना?

पाचही जणांनी होय म्हटले, तर तुमचा गट झाला. पुढच्या हंगामात बाजारात कोणी "मावशी, कशावरून?" असे विचारले, की मावशींनी निश्चिंतपणे म्हणावे, "माझं सोड ताई, माझ्या शेजारणीला विचार."