स्वस्त रोल, भरपूर उजेड
(बारामती येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारत आहेत. पहिला, फोटोचे रोल अजून मिळतात का? मिळतात. दुसरा, मग कोणता घ्यावा? त्याचं उत्तर सुरुवातीलाच देऊन टाकतो. दुकानात जो सर्वांत स्वस्त, मुदतीतला, २०० आयएसओचा रंगीत रोल मिळेल तो घ्या, आणि कॅमेऱ्याला तो १०० चा, म्हणजे जास्त उजेड लागणारा, आहे असं सांगा. आता हे असं का, एवढंच सांगण्यासाठी पुढचा वेळ वापरतो.

आपल्यातल्या ज्येष्ठांच्या हातात पहिला कॅमेरा आला तो बहुधा बडोद्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री. १२० चा रोल, चौकोनी बारा फोटो, सगळे काळेपांढरे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोलही याच काळात घरोघरी पोचला. त्यानंतर रंग आला आणि हळूहळू स्वस्त झाला. हे घडायला दुकानातल्या स्पर्धेइतकंच रसायनशास्त्रही कारणीभूत होतं. १९७२ मध्ये कोडॅकने रंगीत निगेटिव्ह धुण्याची सी-४१ ही पद्धत आणली. डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश सेल्सियस, वेळ सव्वातीन मिनिटं. पुढे फुजी, कोनिका, आग्फा या सगळ्यांनी आपापले रोल याच पद्धतीने धुतले जातील असे बनवले. कंपनी कुठलीही असो, धुलाई एकच. म्हणूनच ते काम यंत्रावर सोपवता आलं. तालुक्याचे रोल आधी पुण्याच्या कलर लॅबमध्ये जात आणि काही दिवसांनी अल्बमच्या पिशवीतून परत येत. नंतर मिनीलॅब आली आणि तासाभरात फोटो हातात पडू लागले.

२००४ साली कोडॅकने अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोपात रोलचे कॅमेरे विकणं थांबवायचं ठरवलं. भारत आणि चीनसारख्या देशांत मात्र विक्री चालू ठेवली. आपल्या बारशा-लग्नांतला कोडॅकचा तो काळ्या प्लॅस्टिकचा केबी-१० कॅमेरा आठवा. त्यात फोकस करायचा नाही, ॲपर्चर बदलायचं नाही. बघायचं आणि दाबायचं. तरीही फोटो यायचे आणि बरे यायचे. श्रेय कॅमेऱ्याचं थोडं, रोलचं जास्त. उजेड कमीजास्त झाला तरी सांभाळून घ्यायची ताकद त्या निगेटिव्हमध्ये होती.

ही ताकद नेमकी कसली ते पाहू. रंगीत फिल्मवर उजेड टिपणारे तीन मुख्य थर असतात. वरचा निळा उजेड टिपतो, मधला हिरवा, खालचा लाल. धुतल्यावर त्यांत अनुक्रमे पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी निळा रंग तयार होतो. उजेड गरजेपेक्षा दुप्पट झाला तर त्याला एक स्टॉप जास्त म्हणतात, चौपट झाला तर दोन. रंगीत निगेटिव्ह दोन-तीन स्टॉप जास्त उजेड सहज पचवते. कमी उजेड मात्र तिला एक स्टॉपपलीकडे झेपत नाही. सावल्या मातकट होतात, दाणा वर येतो, काळ्या केसांवर हिरवट-तपकिरी झाक येते. स्वस्त रोलबद्दलच्या बहुतेक तक्रारी या कमी उजेडाच्या तक्रारी असतात. दोष रोलच्या नावावर टाकला जातो. म्हणून २०० चा रोल १०० चा समजून वापरायचा. एक स्टॉप उजेड जादा मिळाला की सावल्या भरतात आणि रंग स्वच्छ येतात.

स्लाइड फिल्मला हा सल्ला लागू नाही, कारण ती अर्धा स्टॉप चूकही माफ करत नाही. स्टीव्ह मॅकरी या छायाचित्रकाराने कोडाक्रोम या स्लाइड फिल्मचा शेवटचा रोल २०१० मध्ये वापरला आणि त्यातले काही फोटो भारतात काढले. आपले रघुबीर सिंह आयुष्यभर रंगीत स्लाइडवर काम करत राहिले. ती माणसं थोर आणि त्यांचं मोजमाप अचूक. आपल्या रोजच्या फोटोंना माफ करणारी फिल्मच बरी.

मग महाग रोल महाग का? पोर्ट्रासारखी व्यावसायिक फिल्म लग्नाच्या आणि पोर्ट्रेटच्या फोटोग्राफरांसाठी बनते. तिचा दाणा बारीक, त्वचेचा रंग मवाळ. अशी फिल्म थंड जागी ठेवून लवकर वापरायची आणि लगेच धुवायची, अशी अपेक्षा असते. कलरप्लस किंवा गोल्डसारखी हौशी फिल्म मात्र दुकानाच्या फळीवर आणि नंतर कॅमेऱ्यात काही महिने पडून राहणार, हे धरूनच बनवलेली असते. दिवाळीला घातलेला रोल उन्हाळ्याच्या सुट्टीत संपतो, हे कारखान्यालाही ठाऊक असतं. आपल्या हवेत आणि आपल्या सवयींत हा दणकटपणाच कामाचा.

आता आपल्या उजेडाकडे वळू. स्वस्त रोल २०० चा असतो, म्हणजे त्याला उजेड लागतो. बारामती आणि इंदापूर हा अवर्षणाचा पट्टा. वर्षातले कितीतरी महिने आकाश निरभ्र. ज्या उन्हाची आपण तक्रार करतो तेच इथे फुकटचं भांडवल आहे. मीटर नसलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना नियम सांगतो. लख्ख उन्हात ॲपर्चर एफ १६ ठेवा आणि शटर फिल्मच्या आयएसओइतकं. २०० चा रोल १०० चा समजायचा असेल तर शटर १/१२५. विरळ ढग आले तर एफ ११, पूर्ण ढगाळ असेल तर एफ ८, झाडाच्या किंवा ओसरीच्या सावलीत एफ ५.६. एवढे चार आकडे पाठ केले तरी रोल वाया जात नाही.

पण ऊन भरपूर असलं तरी ते कडक असतं. मेमध्ये भर दुपारी टोपीखालचा चेहरा काळा आणि शर्ट पांढराफटक, अशी स्थिती होते. इथे उजेड चेहऱ्याच्या सावलीवरून मोजा. शर्टाची काळजी निगेटिव्ह घेईल.

जुना, साधा मीटर समोरचं सगळं मिळून करडं आहे असं धरून चालतो. उदाहरण घ्या. तुकोबारायांची पालखी बारामतीहून सणसरकडे निघते, बेलवाडीला गोल रिंगण होतं. समोर हजारो पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्या. मीटर त्या पांढऱ्याला करडं करायला निघतो आणि उजेड कमी घेतो. सदरे मळकट येतात आणि उन्हाने रापलेले चेहरे पार काळवंडतात. अशा वेळी आणखी एक स्टॉप द्या. शिवाय पालखी आषाढाच्या तोंडावर येते, आभाळ भरलेलं असतं. वर्षातून एकदा थोडा महाग ४०० चा रोल घ्यावा तो याच दिवसांसाठी. मैदानावर घोडे धावत असताना १/५०० शटर लागतं, आणि ढगाळ हवेत ते २०० च्या रोलला परवडत नाही.

उजनी धरणाच्या पाण्यावर काय टिपावं तेही पाहू. भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक येतात. त्यांचे जवळून फोटो हवे असतील तर लांब पल्ल्याची लेन्स लागते. साध्या कॅमेऱ्यात पाण्यावर ठिपके येतील. त्यावर रोल खर्च करू नये. त्याच काठावर होड्या आहेत, जाळी विणणारे हात आहेत, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवला उघडं पडणारं जुनं मंदिर आहे. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला हे सगळं जवळ आहे. सकाळी नऊच्या आत जा. दगडावर तिरका उजेड असतो आणि नक्षी उठून दिसते.

यानंतर लॅब. हा भाग लोकांना सहसा कोणी सांगत नाही. निगेटिव्ह म्हणजे अजून फोटो नव्हे. तिच्यातली नारिंगी झाक तिच्या रंगद्रव्यांतले दोष भरून काढण्यासाठी मुद्दाम ठेवलेली असते. त्यातून खरे रंग काढायचे काम प्रिंटिंगचं किंवा स्कॅनरचं. ही यंत्रंही पूर्ण चौकटीची सरासरी करडी धरतात. उसाच्या फडात उभं राहून फोटो काढलात की चौकटभर हिरवं. यंत्राला वाटतं हिरवं फार झालं, आणि ते उलट्या बाजूने किरमिजी ओततं. पाचट बरं दिसतं, माणूस मात्र लालबुंद. हळदीच्या कार्यक्रमात चौकटभर पिवळं, तिथे दातही निळसर येतात. यात रोलची चूक नाही. लॅबवाल्याला सांगा, 'चेहऱ्यावरून रंग लावा.' चांगला माणूस तीच निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करून देतो आणि फोटो ताळ्यावर येतो.

मांडवातली अडचण मात्र फिल्मवरच नोंदली जाते. गुलाबी कापडाच्या मांडवाखाली दुपारी सगळी वऱ्हाडी मंडळी गुलाबी दिसतात, कारण उजेडच कापडातून गाळून येतो. रोल दिवसाच्या उजेडासाठी बनवलेला असतो. पिवळ्या बल्बखाली तो पिवळा आणि जुन्या ट्यूबलाइटखाली हिरवट फोटो देतो. नवरानवरीला मांडवाच्या कडेला, उघड्या आभाळाकडे तोंड करून उभं करा. रात्र असेल तर फ्लॅश मारा.

आता खर्च. समजा रोल ९०० रुपयांचा, धुलाई आणि स्कॅन मिळून ५००. एकूण १४००. छत्तीसने भागा, एका फोटोला जवळजवळ ३९ रुपये पडतात. आता दोनशे रुपये वाचवायला मुदत संपलेला, पत्र्याच्या खोलीत उन्हाळे काढलेला रोल घेतलात, तर फोटोमागे साडेपाच रुपये वाचतात आणि छत्तीसही फोटो धोक्यात येतात. उष्णतेने तिन्ही थर सारख्या वेगाने खराब होत नाहीत, म्हणून अशा रोलचे रंग कुठल्याच यंत्रावर नीट जुळत नाहीत. खरी बचत हवी असेल तर हाफ फ्रेम कॅमेरा पाहा. एका चौकटीच्या जागी दोन फोटो, छत्तीसच्या रोलवर बहात्तर. १९५९ सालच्या ऑलिंपस पेनने हेच केलं. अलीकडे कोडॅकच्या नावाने एच-३५ हा साधा कॅमेराही आलाय. फोटो वहीच्या पानाएवढा करायचा नसेल तर फरक जाणवत नाही.

सिनेमाची फिल्म कापून भरलेले रोलही स्वस्तात मिळतात. त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर कार्बनचा काळा थर असतो. तो थर सी-४१ च्या यंत्रात गेला तर रसायन नासतं आणि इतरांचे रोलही बिघडतात. असा रोल घेण्याआधी तो कोण धुणार हे विचारा, आणि लॅबमध्ये देताना स्पष्ट सांगा.

घरी धुण्याचा उत्साह असणारे तरुण इथे असतील. त्यांच्यासाठी गंमत सांगतो. थंड देशातले हौशी लोक ३८ अंशांपर्यंत पाणी तापवण्यासाठी यंत्रं विकत घेतात. आपल्याकडे मेमध्ये टाकीचं पाणी दुपारी एवढं तापलेलं असतं की कधी कधी त्यात बर्फ टाकून खाली आणावं लागेल. तापमापक मात्र चांगला घ्या, कारण एका अंशाच्या फरकाने रंग सरकतो. आणि शेवटची धुलाई बोअरच्या जड पाण्यात करू नका, क्षारांचे डाग निगेटिव्हवर कायमचे बसतात. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर वापरा.

जपणुकीबद्दल दोन शब्द. न वापरलेला रोल हवाबंद डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी काही तास बाहेर काढा. थंड रोल लगेच उघडला तर त्यावर दव धरतं. कॅमेरा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. चिकट पानांच्या अल्बममधले जुने प्रिंट हलक्या हाताने सोडवता आले तर सोडवा, तो गोंद रंग खातो. निगेटिव्ह फेकू नका. काळापांढरा फोटो चांदीचा असतो, रंगीत फोटो रंगद्रव्याचा. म्हणून आजोबांचा लग्नाचा फोटो टिकला आणि वडिलांचा लालसर झाला. निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी असेल तर पुन्हा प्रिंट काढता येईल.

फोन खिशात असताना हा उपद्व्याप कशाला, असं कोणी विचारेल. फोनने जरूर काढा. पण फोन बदलला की किती फोटो गेले याचा हिशोब आपल्यापैकी कोणीच ठेवलेला नाही. छत्तीस फोटो मोजून काढायचे असले की माणूस निवड करतो, आणि निवडलेलं जपतो. साखर कारखान्याच्या वाटेवरच्या ऊसतोडणीच्या बैलगाड्या, निमगाव केतकीचे पानमळे, नीरा नरसिंहपूरचा संगम, कालव्यावरचं धुणं ही आपल्या दोन तालुक्यांची रोजची दृश्यं आहेत, आणि त्यांतली काही झपाट्याने बदलत आहेत. ती टिपायला महागडा रोल लागत नाही.

म्हणून शेवटी एक सूचना करतो. येत्या वर्षभरात एकाच प्रकारचा रोल, एकच लॅब आणि एक वही ठेवा. प्रत्येक फोटोसाठी ॲपर्चर, शटर आणि ऊन कसं होतं ते लिहा. दरवेळी नवा ब्रँड आणला तर चूक कोणाची, रोलची, लॅबची की आपली, ते कधीच कळत नाही. एकाच प्रकारचे चार रोल वापरलेत की उत्तर वहीत सापडेल. पुढच्या वर्षी याच व्याख्यानमालेत कोणी अशा वहीसकट आपले प्रिंट मांडून दाखवले, तर व्याख्यान देण्याऐवजी ते पाहायला मी आनंदाने खाली बसेन.