सॅडलवर्थचीं गांवें

इंग्लंडमधील मँचेस्टर शहराच्या ईशान्येस असलेलें ओल्डहॅम हें पूर्वीं सुताच्या गिरण्यांचें शहर होतें. मुंबईच्या गिरण्यांशीं त्याचा जुना संबंध. येथील प्लॅट ब्रदर्स कारखान्याचीं सूतकताईचीं यंत्रें मुंबईकर गिरणीमालकांनीं एके काळीं मागविलीं होतीं. या ओल्डहॅमच्या पूर्वेस, पेनाइन डोंगरांच्या उतारावर, सॅडलवर्थचा मुलूख पसरलेला आहे. अपरमिल, डेल्फ, डॉबक्रॉस, डिगल, ग्रीनफील्ड, डेन्शॉ हीं त्यांतील कांहीं गांवें.

हा मुलूख डोंगराच्या पश्चिम अंगास आहे. डेन्शॉजवळ उगम पावणारी टेम नदी पूर्वेस न जाता अखेर मर्सी नदीस मिळते. असें असूनहि शतकानुशतकें तो डोंगरापलीकडील यॉर्कशर परगण्यांत मोडत असे. त्यांत गंमत अशी, कीं चर्चच्या कारभारापुरता तो लँकेशरमधील रॉचडेलच्या पॅरिशखालीं होता. म्हणजे देवाचें एका परगण्यांत व सरकारचें दुसऱ्यांत! येथील विणकर लोकरीचें कापड विणीत, ओल्डहॅमांत राज्य कापसाचें. शेजार होता, पण घर वेगळें.

१९७२ च्या कायद्यान्वयें १ एप्रिल १९७४ रोजीं ओल्डहॅम, चॅडरटन, रॉयटन, क्रॉम्प्टन, फेल्सवर्थ, लीज आणि सॅडलवर्थ यांचा मिळून एक बरो करण्यांत आला व तो ग्रेटर मँचेस्टरमध्यें घातला गेला. पहिले सहा लँकेशरचे. यॉर्कशरचा असा सॅडलवर्थ एकटाच. कारभाराच्या सोयीनें पाहिलें तर ही जोडणी समंजसपणाची होती, कारण नोकरीचा व बाजाराचा ओघ पश्चिमेकडेच. तथापि गांवकऱ्यांची तक्रार केवळ मानापमानाची म्हणून उडवून देण्याजोगी नाहीं. शाळा, रस्ते, ग्रंथालयें यांचा कारभार बरोच्या हातीं गेला, आणि डोंगरांत विखुरलेल्या गांवांचीं मतें शहराच्या दाट वस्तीपुढें थोडींच पडणार. सॅडलवर्थची स्वतःची पॅरिश कौन्सिल आहे, आपल्याकडील ग्रामपंचायतीसारखी. पण तिचे अधिकार बेताचे. माळावर नवीं घरें बांधावींत कीं नाहीं, यावर ती मत देते. निर्णय ओल्डहॅम करतें.

१९७४ च्या या फेररचनेच्या निषेधार्थ १९७५ पासून १ ऑगस्ट हा यॉर्कशरचा दिवस म्हणून पाळला जातो. सॅडलवर्थमधील यॉर्कशरचे अभिमानीहि त्या दिवशीं पांढऱ्या गुलाबाचीं निशाणें लावतात. दारावरचा कचरा न्यावयास गाडी मात्र ओल्डहॅमचीच येते.